वाळवंटाच्या वाटेवर बर्फ!

बालमित्रांनो, वाळवंटात जायचंय म्हणून स्वेटर घरीच ठेवलात, तर फसाल बरं का! अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये फिनिक्स शहराभोवती निवडुंगांचं रखरखीत वाळवंट आहे. तिथून मोटारीनं उत्तरेला निघा. सुमारे २३० किलोमीटरवर फ्लॅगस्टाफ गाव येतं. हिवाळ्यात तिथं चक्क बर्फ पडतो! असं का? फिनिक्स समुद्रसपाटीपासून जेमतेम ३३० मीटर उंच, तर फ्लॅगस्टाफ सुमारे २१०० मीटर. हजार मीटर वर चढलं, की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. मग दोन्ही गावांत फरक किती? करा पाहू गणित! चढावर बर्फात गाडी अडकली, तर रात्रीची थंडी जिवावर बेतू शकते. म्हणून नकाशात अंतराबरोबर उंचीही बघा, आणि गाडीत ब्लँकेट ठेवाच.