खेळलेल्या खेळांविषयी, स्पष्टपणे

मराठीच्या दोन प्राध्यापकांनी व्हिडिओ गेमविषयी लिहावे, हे आमच्या काही वाचकांना रुचणार नाही. काही वर्षांपूर्वी ते आम्हालाही रुचले नसते. पुसदसारख्या गावात चाळिशी ओलांडलेल्या माणसाने रात्री लॅपटॉपवर खेळत बसणे म्हणजे वेळ वाया घालवणे, असेच मानले जाते. तरीही गेली दोन वर्षे आम्ही खेळत आहोत आणि दुसऱ्या दिवशी विभागात चहाच्या वेळी त्यावरून वादही घालत आहोत. त्या वादांतून जी मते बनली, ती येथे मांडतो.

आधी एक खुलासा. कलेच्या संदर्भात 'खेळ' हा शब्द मराठीला परका नाही. सिनेमाचा खेळ असतो, कळसूत्री बाहुल्यांचा खेळ असतो. नाट्यशास्त्राच्या आरंभी देव ब्रह्मदेवाकडे जे मागतात ते 'क्रीडनीयक', म्हणजे खेळणेच. पाहता येईल आणि ऐकताही येईल असे. व्हिडिओ गेमने त्यात तिसरी गोष्ट आणली, ती म्हणजे करणे. म्हणून आमची कसोटी एकच आहे. चित्रे किती देखणी, संगीत किती श्रवणीय, हे आम्ही दुय्यम मानतो. खेळ आपल्याकडून काय करवून घेतो आणि त्या करण्यातून काही कळते का, एवढेच आम्ही पाहतो.

पहिला खेळ 'एम्पायर : टोटल वॉर'. २००९ मधला हा खेळ आम्ही उशिरा खेळलो, आणि खेळलो तो अभिमानापोटी, कारण त्यात मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येते. मोहीम १७०० साली सुरू होते. याच वर्षी सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले आणि ताराबाईंनी कारभार हाती घेतला; औरंगजेब दक्षिणेतच तळ ठोकून होता. कादंबरीकाराला याहून चांगला आरंभ सापडणार नाही. पण दोन-तीन रात्रींत आमचा उत्साह मावळला. या खेळात प्रदेश एक तर आपला, नाही तर दुसऱ्याचा. मुलूख दुसऱ्याच्या ताब्यात असतानाही त्यातून चौथाई आणि सरदेशमुखी वसूल करण्याची जी खास मराठी रीत होती, ती या नियमांत मावत नाही. रांगेत उभ्या बंदुकधाऱ्यांची लढाई जिंकणे हेच येथले मोठे कौशल्य. नाव मराठ्यांचे, व्याकरण युरोपचे. झेंडा ओळखीचा दिसला म्हणून खेळ आपला होत नाही, हा धडा मात्र मिळाला.

'एज ऑफ एम्पायर्स २' हा आमच्या तरुणपणाचा खेळ. १९९९ मध्ये आलेला हा खेळ आम्ही गावातल्या सायबर कॅफेत ताशी वीस रुपये मोजून खेळलो. भारनियमनामुळे ऐन लढाईत पडदा काळा व्हायचा. त्या वेळी त्यात भारत नव्हता. तो २०१३ मध्ये आला. एप्रिल २०२२ मध्ये 'डायनेस्टीज ऑफ इंडिया' या भरीने त्या एकाच 'भारतीय' गटाचे विभाजन करून हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे गट केले. ही सुधारणा आम्हाला मनापासून आवडली, कारण आपला देश एकरंगी नाही एवढे तरी तिने मान्य केले. तरी देवगिरीच्या यादवांना त्यात स्वतंत्र जागा नाही. ज्या रामदेवरावाच्या काळात, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, त्याचे राज्य या नकाशात नाही. खेळ म्हणून 'एज'ची वीण आजही घट्ट आहे. फक्त शेत, लाकूड, सोने आणि शत्रू यांपलीकडे तो माणसाविषयी काही सांगत नाही. त्याची ती प्रतिज्ञाही नाही, म्हणून तक्रार नाही.

'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा २०२० चा खेळ पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली राजी ही मुलगी आणि तिची कथा सांगणारे दुर्गा व विष्णू, ही योजना आम्हाला फार आवडली. देवांनी माणसाची गोष्ट सांगावी आणि सांगता सांगता आपापसांत मतभेदही दाखवावेत, हे आपल्या आख्यानपरंपरेला धरून आहे. वाडे आणि किल्ले मात्र राजस्थानी वळणाचे आहेत, आणि शेवट इतका अचानक येतो की कीर्तन पूर्वरंगातच आटोपल्यासारखे वाटते. डोळे सुखावले, मन अर्धवट राहिले.

'डिस्को एलिसियम' (२०१९) हा एस्टोनियन कादंबरीकार रॉबर्ट कुर्वित्झ याच्या लेखणीतून मुख्यत्वे उतरलेला खेळ. स्मृती गमावलेला एक पोलीस खुनाचा तपास करतो आणि त्याच्या मनातल्या चोवीस वृत्ती त्याच्याशी बोलतात, भांडतात, त्याला फसवतात. स्वगत हा नाट्यप्रकार शिकवताना आम्ही जे वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले, ते येथे प्रत्यक्ष घडताना पाहिले. त्याहून मोलाची गोष्ट अशी की येथे प्रयत्न फसला तरी गोष्ट सहसा थांबत नाही, ती वेगळ्या वाटेने जाते. आमच्या परीक्षापद्धतीला हे अजून जमलेले नाही. मजकूर अफाट आहे आणि इंग्रजी कठीण आहे; काही रात्री आम्ही शब्दकोश उघडून खेळलो, हे कबूल केले पाहिजे.

आता आमच्या विद्यार्थ्यांचा खेळ. २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जी मोबाइलवर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तोच खेळ थोड्या फरकाने 'बीजीएमआय' म्हणून परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. शंभर जण एका बेटावर उतरतात, वर्तुळ आकसत जाते, शेवटी एक जण किंवा एक चमू उरतो. आमच्या कसोटीला तो उतरत नाही. पण एका विद्यार्थ्याने आग्रहाने आम्हाला आपल्या चमूत घेतले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. वर्गात सहा महिन्यांत सहा वाक्ये न बोललेला हा मुलगा तेथे अखंड बोलत होता. आम्हाला "सर, तुमी मागं कायले थांबून राहिले?" असे वऱ्हाडीत विचारत होता आणि मित्रांना गोरमाटीत हुकूम सोडत होता. खेळ निर्बुद्ध असेल, पण त्याची भाषा तेथे मोकळी होती. वर्गात ती का नव्हती?

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला एका लहानशा खेळाने दिले. 'वेंबा' (२०२३) दोन-एक तासांत संपतो. वेंबा हे तमिळमधील एका प्राचीन छंदाचे नाव; आपण मुलीचे नाव ओवी ठेवतो तसे. १९८० च्या दशकात कॅनडात गेलेली ही तमिळ स्त्री आईकडून आलेल्या पाककृतींच्या वहीवरून स्वयंपाक करते. वही फाटलेली, शाई पुसलेली. इडलीपात्राचे थर कसे रचले म्हणजे वाफ वरपर्यंत पोहोचेल, हे आपणच ताडायचे. फक्त एवढेच करायचे, आणि त्यातून सगळे कळते. मुलगा कविन इंग्रजीत वाढतो आणि घरच्या भाषेपासून दूर जातो; पुढे तो तीच वही उघडतो तेव्हा आईची लिपी त्याला धड वाचता येत नाही. पुसलेली शाई ताडण्याचे जे काम आईने हौसेने केले, तेच आता तो अपराधी भावनेने करतो, आणि खेळणाऱ्याचा हात दोन्ही वेळा तोच असतो. हे कथा किंवा कविता अशा रीतीने करू शकणार नाही. आम्ही खेळलेल्यांपैकी सर्वांत श्रेष्ठ खेळ हाच, याविषयी आमच्यात वाद झाला नाही.

इंग्रजीमुळे मराठीचे कविन होते आहे, असे भाषण आम्ही दर मराठी भाषा दिनी करतो. पण वेंबा खेळताना आम्हाला आठवली ती एक उत्तरपत्रिका. तांड्यावरून येणाऱ्या एका मुलाने निबंधात 'आई' ऐवजी 'याडी' लिहिले होते. आम्ही त्या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढून गुण कापले होते. आत्माराम राठोडांच्या 'तांडा' या आत्मकथनाचा आम्ही वर्गात गौरवाने उल्लेख करतो, होळीच्या लेंगी गीतांवर चर्चासत्रात निबंध वाचतो, आणि तांड्याची भाषा प्रत्यक्ष कागदावर आली की लाल पेन उचलतो. कविनच्या शाळेने त्याच्याशी जे केले, ते पुसदमध्ये मराठी विभागाने केले आहे. त्या विभागात आम्हीही आहोत.

विद्यार्थ्यांनी खेळ सोडून पुस्तके वाचावीत, हे मत आम्ही बदललेले नाही. पण पुस्तकांनी जे आम्हाला सांगूनही पटले नव्हते, ते एका खेळाने हातून करवून घेऊन पटवले, एवढे नोंदवणे प्रामाणिकपणाचे आहे. यंदा अंतर्गत मूल्यमापनात आम्ही एक लहान काम दिले : घरातला एक पदार्थ, करणाऱ्याच्याच शब्दांत लिहून आणा. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, गोरमाटीत लिहिलं तं मार्क कटतीन का?" नाही, असे आम्ही सांगितले. विद्यापीठाच्या परीक्षेत काय होईल, हे त्याने विचारले नाही. विचारले असते तर आमच्याजवळ उत्तर नव्हते.