शेजाऱ्याचा कौल आणि आपला त्रागा

शेजारच्या राष्ट्रात निवडणूक व्हावी, तिचा निकाल आपल्या मनाजोगता लागू नये आणि जणू आपणच पराभूत झालो अशा मुद्रेने आपण हताश होऊन बसावे, हा प्रकार जगाच्या राजकारणात नवा नाही. ३० सप्टेंबर २०२३ रोजी मालदीवच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदानाची दुसरी फेरी झाली आणि डॉ. महंमद मुइझ्झू यांनी तत्कालीन अध्यक्ष इब्राहिम महंमद सोली यांचा शेकडा ५४ विरुद्ध ४६ मतांनी पराभव केला. त्या वेळी आपल्याकडे जो सूर उमटला तो याच जातीचा होता. आपला माणूस पडला व चीनचा माणूस निवडून आला, एवढ्या एका वाक्यात अनेकांनी त्या निकालाची वासलात लावली.

या चिंतेला आधारच नव्हता, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या मिनिकॉय बेटापासून मालदीवचे उत्तर टोक सुमारे ७० सागरी मैलांवर आहे आणि हिंदी महासागरातील महत्त्वाचे जलमार्ग या द्वीपमालिकेजवळून जातात. डॉ. मुइझ्झू यांच्या गोटाने ‘इंडिया आउट’ ही घोषणा प्रचारात वापरली होती. सत्तेवर येताच त्यांनी भारतीय सैनिक माघारी नेण्याची मागणी केली. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या आधी बीजिंगची वाट धरली. पुढे चीनशी लष्करी साहाय्याचा करारही केला. ज्या भारताने नोव्हेंबर १९८८ मध्ये आग्र्याहून छत्रीधारी सैनिक पाठवून गयूम यांचे सरकार भाडोत्री हल्लेखोरांच्या हातून वाचविले, डिसेंबर २०१४ मध्ये तहानलेल्या माले शहराला विमानांनी व जहाजांनी पाणी पुरविले, त्याच्या मनाला हे लागावे यात नवल नाही. परंतु मनाला लागणे ही एक गोष्ट आणि त्या भरात परराष्ट्राशी वागण्याची रीत ठरविणे ही दुसरी.

मुळात तो कौल भारताविरुद्धच होता काय? मालदीवचे एकूण मतदार पावणेतीन लाखांहून थोडे अधिक, म्हणजे मुंबईतील एका विधानसभा मतदारसंघात सरासरीने असतात तितकेच. त्यांच्यापुढे माले शहरातील घरांची टंचाई होती, देशावरील वाढते कर्ज होते. सोली यांच्या पक्षातून माजी अध्यक्ष महंमद नाशीद निवडणुकीच्या तोंडावर बाहेर पडले. त्यांच्या नव्या पक्षाच्या उमेदवाराने पहिल्या फेरीत शेकडा सात मते घेतली. शिवाय २००८ साली तेथे बहुपक्षीय निवडणुका सुरू झाल्यापासून २०२३ पर्यंत एकाही अध्यक्षाला मतदारांनी लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून दिले नव्हते. ज्या घरात कारभारी बदलण्याचीच रीत पडली आहे, तेथील प्रत्येक बदल आपल्याला उद्देशून झाला असे मानणे हा निव्वळ अहंकार होय.

भारताविषयीचा जो रोष होता, त्यातही आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ होते. दोन हेलिकॉप्टरे व एक विमान यांच्यासाठी तेथे असलेले आपले सैनिक शंभराहूनही कमी होते आणि दूरच्या बेटांवरील आजाऱ्यांना इस्पितळात पोहोचविणे हे त्यांचे एक मोठे काम होते. पण लहान राष्ट्राला परक्या गणवेशाची संख्या दिसत नाही. गणवेश तेवढा दिसतो. सोली यांनी एप्रिल २०२२ मध्ये हुकूम काढून या विरोधी मोहिमेवर बंदी घातली. तोंड दाबल्याने राग शमत नाही. तो मतपेटीची वाट पाहतो. एका पक्षाशी आपली मैत्री जितकी उघड, तितका त्या पक्षाच्या विरोधकांना आपल्याविरुद्ध प्रचार सोपा, हा धडा त्यातून घ्यावयास हवा होता.

तो घेण्याऐवजी जानेवारी २०२४ मध्ये आपण त्रागा केला. पंतप्रधान मोदी यांच्या लक्षद्वीप भेटीवरून मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी असभ्य मजकूर लिहिला. तो निंद्यच होता आणि तेथील सरकारने त्यांना निलंबितही केले. तरीही बहिष्काराची हाक उठली व चित्रपटतारकांनी तिला सूर दिला. २०२३ साली तेथे दोन लाखांहून अधिक भारतीय प्रवासी गेले होते. २०२४ साली ते सुमारे एक लाख तीस हजारांवर आले. या बहिष्कारानेच डॉ. मुइझ्झू वठणीवर आले, असे मानणारे पुष्कळ आहेत. वस्तुस्थिती त्यांना अनुकूल नाही. त्याच वर्षी मालदीवच्या एकूण प्रवाशांची संख्या वीस लाखांच्या वर गेली. आपण रिकाम्या केलेल्या खुर्च्या इतरांनी भरल्या आणि प्रवाशांच्या यादीत पहिला क्रमांक चीनचा लागला.

संबंध सुधारले ते निराळ्या मार्गाने, आणि त्याचे श्रेय सरकारच्या संयमाला दिले पाहिजे. सैनिकांच्या जागी मे २०२४ पर्यंत मुलकी तंत्रज्ञ नेमून दिल्लीने तो वाद मिटविला. नाशिकच्या शेतकऱ्याला कांद्याची निर्यातबंदी जाचत असतानाही एप्रिल २०२४ मध्ये मालदीवसाठी कांदा, तांदूळ, साखर व डाळ यांच्या निर्यातीस खास मुभा दिली गेली. कर्जाने मालदीवचा गळा आवळला तेव्हा, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ४० कोटी डॉलर व ३,००० कोटी रुपये यांच्या चलन-विनिमयाची सोय भारताने करून दिली. जुलै २०२५ मध्ये मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वाढदिवशी डॉ. मुइझ्झू यांचे सन्माननीय पाहुणे म्हणून मोदी उपस्थित होते. ज्याच्या विजयाने आपण खिन्न झालो होतो, तोच यजमान होता.

या साऱ्याचे तात्पर्य कटू असले तरी सरळ आहे. मालदीवची गरज आणि भूगोल दोन्ही आपल्या बाजूचे होते, म्हणून हा डाव सावरला. प्रत्येक वेळी तसे घडेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. तेथे पुन्हा निवडणुका होतील, पुन्हा कोणी तरी हरेल. त्या दिवशी कोण आला यापेक्षा आपले पाणी, आपले धान्य व आपले शब्द तेथील सामान्य माणसापर्यंत पोहोचले की नाही, याची विचारणा भारताने स्वतःला करावी. शेजारी आपल्याला निवडता येत नाही हे खरे. पण त्याच्या घरचा कारभारी निवडण्याचा अधिकारही आपला नाही, हे ज्याला उमगले त्यालाच शेजारधर्म कळला.