रिचार्ज संपतो तेव्हा



गेल्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रात येणारी एक बाई अचानक यायची थांबली. पोटगीचा दावा चालू होता, कोर्टाची पुढची तारीख तिला कळवायची होती. फोन लावला तर सेवा बंद. शेवटी वस्तीत जाऊन चौकशी केली, तर बाई घरीच होती. धुण्याभांड्याची दोन कामं सुटली होती, त्यामुळे त्या महिन्यात रिचार्ज मारला नव्हता. आधी तिचे बाहेर जाणारे फोन बंद झाले, काही दिवसांनी येणारेही. "ताई, पोरांच्या डब्याचं बघू का फोनचं?" तिनं विचारलं. तोवर तारीख हुकली होती.

मोबाइलचे दर हा विषय आपल्या अंकात कशाला, असं काहीजणींना वाटेल. पण रेशनचा, रॉकेलचा, पाण्याचा प्रश्न आपण बायकांचा प्रश्न म्हणून मांडला, तसाच हाही आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ५४ जणींकडेच स्वतः वापरतात असा मोबाइल होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया १०० मागे ३३, पुरुष ५७. घरात पैसे कमी पडले की आधी कोणाचा रिचार्ज थांबतो, हे तुम्हाला सांगायला नको. आणि आज बँकेचा ओटीपी, गॅसचा नंबर, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, सगळं त्याच फोनवर येतं.

जुलै २०२४मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. एअरटेलचा २८ दिवसांचा सर्वांत स्वस्त अनलिमिटेड पॅक १७९चा १९९ रुपये झाला, जिओचा १५५चा १८९. महिना २८ दिवसांचा धरला की वर्षाचे रिचार्ज १२ नव्हे, १३ होतात. १९९ रुपयांप्रमाणे २,५८७ रुपये. दरवाढीवर ओरड झाली तेव्हा केंद्र सरकारनं खुलासा केला, की दर बाजारातल्या मागणी-पुरवठ्यावर ठरतात, त्यावर स्वतंत्र नियामकाची देखरेख आहे आणि सरकार त्यात हस्तक्षेप करत नाही.

या खुलाशाशी माझं भांडण आहे. सरकारनं हस्तक्षेप करावा की नाही हा वाद नंतर घालू. आधी हे पाहू, की सरकार खरंच बाजाराबाहेर उभं आहे का? भारत संचार निगम सरकारच्या मालकीचं. एप्रिल २०२५मध्ये थकबाकीच्या बदल्यात शेअर घेतल्यावर व्होडाफोन-आयडियातला जवळजवळ ४९ टक्के हिस्सा सरकारचा झाला. स्पेक्ट्रमचा लिलाव करणारं सरकार, कंपन्यांच्या महसुलातून ८ टक्के परवाना शुल्क घेणारं सरकार, आणि त्या बाईच्या प्रत्येक रिचार्जवर १८ टक्के जीएसटी घेणारंही सरकारच. दर वाढले की सरकारच्या तिजोरीतही भर पडते. एवढं मोठं दुकान मांडून बसलेल्यानं 'मी बाजारात नाही' असं म्हणू नये.

म्हणून तर नियामक स्वतंत्र हवा. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, १९९७च्या कायद्यानं स्थापन झालं. दर ठरवण्याचा अधिकार या कायद्यानं मंत्र्याला नव्हे, ट्रायला दिला. पण सरकारला न पटणारे निर्णय होऊ लागल्यावर २०००मध्ये कायदा बदलून पहिलं प्राधिकरणच बरखास्त केलं गेलं आणि तंटे सोडवायचं काम वेगळ्या न्यायाधिकरणाकडे गेलं. ट्रायचे अध्यक्ष व सदस्य केंद्र सरकार नेमतं. कलम २५नुसार धोरणाच्या बाबतीत सरकार त्यांना आदेश देऊ शकतं, आणि एखादी बाब धोरणाची आहे की नाही हेही सरकारच ठरवतं. निवृत्त अध्यक्षांना सरकारी पद घ्यायला कायद्यानं बंदी होती. माजी अध्यक्षांना पंतप्रधान कार्यालयात घेता यावं म्हणून मे २०१४मध्ये वटहुकूम काढून ती सैल केली गेली. पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती सोधी यांच्यापासून अनिलकुमार लाहोटी यांच्यापर्यंत या खुर्चीवर एकही स्त्री बसली नाही, हेही नोंदवून ठेवू.

स्पर्धेनं दर उतरले, हे मी नाकारत नाही. १९९५मध्ये मोबाइल आला तेव्हा तो श्रीमंतांचाच होता. पण गरीब बाईच्या हाती फोन आला तो एकट्या बाजारामुळे नाही. १ मे २००३पासून येणारा फोन फुकट झाला, तो ट्रायच्या नियमामुळे. तेव्हापासून मिस्ड कॉल हे बायकांचं हत्यार झालं. खिशात पैसे नसले तरी आईला, बहिणीला, संघटनेला हाक मारता येत होती. पण त्याच सुमारास ट्रायनं मोबाइलचे दर ठरवणं कंपन्यांवर सोडलं होतं. त्यांनी दर ठरवायचे आणि ट्रायला कळवायचे. २०१८च्या अखेरीला कंपन्यांनी येणारे फोन चालू ठेवण्यासाठीही किमान रिचार्जची अट आणली. नियमानं मिळालेली सोय अशी बाजारानं काढून घेतली, आणि त्याला कोणी 'हस्तक्षेप' म्हटलं नाही.

नियामक जागा झाला तर काय होतं, हेही अलीकडे दिसलं. ज्यांना फक्त बोलायचं आहे त्यांनी नेटचे पैसे का भरावेत, हा प्रश्न मान्य करून ट्रायनं डिसेंबर २०२४मध्ये फक्त बोलणं आणि एसएमएसचा पॅक द्यायची सक्ती केली. एअरटेलनं ८४ दिवसांचा असा पॅक आधी ४९९ रुपयांना काढला. ट्राय या दरांची तपासणी करणार असं जाहीर झालं आणि काही दिवसांत तो ४६९ झाला. हिशेब केला तर २८ दिवसांना सुमारे १५६ रुपये, म्हणजे १९९पेक्षा स्वस्त. पण एकरकमी ४६९ रुपये कोणाकडे असतात? जी बाई तेल पावशेर-पावशेर आणते, तिला स्वस्त पॅक परवडत नाही आणि महाग पॅक घ्यावा लागतो. पॅक असावा एवढं ट्रायनं सांगितलं. किती दिवसांचा आणि कमाल किती रुपयांचा, हे नाही सांगितलं.

मग मंत्र्यांनीच दर ठरवावेत का? माझं मत, नाही. मंत्र्यानं ठरवलेले दर निवडणुकीपुरते खाली येतील आणि निकालानंतर वर जातील. दर ठरवणारा कंपन्यांपासून तसाच मंत्रालयापासूनही लांब हवा, आणि लोकांना उत्तर देणारा हवा. रोमिंगच्या दरांवर ट्रायनं कमाल मर्यादा घातली होती, २०१५मध्ये ती आणखी खाली आणली. प्रवास करणाऱ्या ग्राहकासाठी जे करता येतं, ते वस्तीतल्या बाईसाठी का नाही?

आपल्या मागण्या साध्या असाव्यात. फक्त बोलण्याचा २८-३० दिवसांचा पॅक आणि त्यावर कमाल दर. रिचार्ज संपला तरी येणारे फोन आणि ओटीपी किमान तीन महिने चालू. अध्यक्ष-सदस्यांची निवड एकट्या सरकारच्या हाती नको, आणि प्राधिकरणात स्त्रियांना व ग्राहक चळवळीतल्यांना जागा.

कायद्यानं ट्रायला पारदर्शीपणे काम करावं लागतं. नियम बदलण्याआधी ते चर्चापत्र काढतं आणि कोणीही लेखी म्हणणं मांडू शकतं. कंपन्यांचे वकील पानंच्या पानं पाठवतात. आपल्यापैकी किती गटांनी आजवर एक पोस्टकार्ड तरी पाठवलं? पुढच्या बैठकीत प्रत्येकीला विचारा, गेल्या वर्षात फोन किती वेळा बंद पडला आणि त्यामुळे काय हुकलं. मराठीत लिहा, अंगठे-सह्या घ्या, पाठवा. आमच्या केंद्राच्या पत्रात पहिली नोंद त्या हुकलेल्या तारखेची असेल.