वगळलेला धडा

अमेरिकेत टेक्सास, टेनेसी आदी राज्यांनी २०२१ पासून वर्णभेदाच्या अध्यापनावर कायद्याने निर्बंध घातले. त्यांचा निषेध रास्तच आहे. परंतु त्याआधीही तेथील सरकारी शाळांत नागरी हक्कांचा लढा म्हणजे बहुधा एका थकलेल्या स्त्रीने न सोडलेली बसमधील जागा आणि एक भाषण, एवढाच उरला होता. वस्तुतः रोझा पार्क्स मुरलेल्या कार्यकर्त्या होत्या. माँटगोमेरीचा बसबहिष्कार ३८१ दिवस टिकला तो संघटनेच्या बळावर. १९६३ चा वॉशिंग्टन मोर्चा रोजगार आणि स्वातंत्र्य यांसाठी होता. रँडॉल्फ व रस्टिन हे त्याचे सूत्रधार समाजवादी होते. १९६८ मध्ये किंग यांचा खून झाला तो मेम्फिसच्या संपकरी सफाई कामगारांना पाठिंबा देण्यासाठी ते गेले असताना. संघटना आणि रोजीरोटी वगळलेला इतिहास विद्यार्थ्यांना वंदन शिकवतो, लढणे नव्हे. निर्बंध उठलेच पाहिजेत; त्याबरोबर हा धडाही पाठ्यपुस्तकांत आला पाहिजे.