आधी शक्ती, मग तप

२०१६च्या ऑक्टोबरात आपल्या सिकंदराबादेत आठवीतली एक मुलगी ६८ दिवसांचा उपवास करून गेली. वय तेरा. अंत्ययात्रेची शोभायात्रा झाली, ‘बालतपस्वी’ म्हणून जयजयकार झाला. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, तेव्हा आपलीच माणसं म्हणाली, धर्मात ढवळाढवळ नको.

मी विचारते, यात धर्म होता कुठे? तत्त्वार्थसूत्रातल्या सोळा भावनांमध्ये तप येतं ते ‘शक्तीनुसार’ या अटीसह. वाढत्या अंगाच्या पोरीची शक्ती किती, हे घरच्यांना कळत नाही? आणि सल्लेखनेचा दाखला तर देऊच नका. समंतभद्रांनी ती सांगितली अटळ संकट, दुष्काळ, म्हातारपण, असाध्य रोग यांसाठी. शाळकरी मुलीसाठी नव्हे.

तपाचे प्रकार बारा. उपवास त्यातला एक. भुकेपेक्षा दोन घास कमी खाणं तप, स्वाध्याय तप, आजाऱ्याची सेवाही तपच. पण अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करणाऱ्या सुनेची मिरवणूक कधी निघाली? मिरवणूक निघते आकड्याची. आठ, तीस, अडुसष्ट!

आपण पाणी गाळून पितो, मुंगी वाचवतो. मग घरातला पंचेंद्रिय जीव डोळ्यांदेखत सुकत असताना हार घालतो, ती अहिंसा कसली? हिंसा केली, करवली किंवा तिला अनुमोदन दिलं, तरी पाप लागतं, हे आपणच मुलांना शिकवतो ना?

चातुर्मास दरवर्षी येणार. लेक लांबच्या उपवासाचं पच्चक्खाण मागायला निघाली, तर बायांनो, तिला आधी जेवू घाला. तपाला अख्खं आयुष्य पडलंय.