गोचिडीचे बिऱ्हाड

भटक्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिलेल्या आदेशांवर घराघरांत वाद झडले. ११ तारखेला दिल्ली परिसरातील कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्यास सांगितले गेले. २२ तारखेला त्यात बदल झाला : नसबंदी करा, जंतनाशक द्या, लस टोचा आणि मूळ जागी सोडा, रेबीजग्रस्त व आक्रमक तेवढी वगळा. भांडण झाले ते ‘उचला’ आणि ‘सोडा’ या दोन शब्दांवरून. मधल्या ‘जंतनाशक’ या शब्दाकडे कुणाचे लक्षच गेले नाही. मला मात्र त्या आदेशातला तोच शब्द सर्वांत घरगुती वाटतो; आपल्या सोफ्यावर लोळणाऱ्या मोतीलाही तो तितकाच लागू आहे.

पावसाळ्यात प्राण्यांच्या दवाखान्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘डॉक्टर, परवाच पावडर लावली, आज पुन्हा गोचिडी!’ खरे तर दोष पावडरीचा नसतो. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी कुत्र्यावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत, चौकटीमागे हजारो अंडी घालून मरते. अंड्यातून निघालेल्या पिलाला सहाच पाय असतात, पुढे आठ होतात. पिलू, मधली अवस्था आणि प्रौढ अशा तिन्ही टप्प्यांत ती एकेकदा रक्त पिते आणि प्रत्येक वेळी खाली उतरते. म्हणजे अंगावर दिसतात त्या थोड्या. बाकीचे बिऱ्हाड आपल्याच घरात थाटलेले. उबदार हवेत हे चक्र दोनेक महिन्यांत पुरे होते. मुंबई-कोकणात थंडी ती कितीशी! तेव्हा औषध जुलैपुरते देऊन भागत नाही.

प्रश्न नुसत्या खाजेचा असता तर गोष्ट वेगळी. गोचिडीतून एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्ताचे आजार होतात. ताप येतो, कुत्रे खाणे सोडते, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. एर्लिकियावर साधे, जुने डॉक्सिसायक्लिन चालते. पण वेळेत सुरू केले तर. ‘उन्हाने मलूल झालाय’ म्हणून आठवडा घालवणे महागात पडते.

आणि ही औषधे दुकानातून अंदाजाने आणायची नसतात. मात्रा वजनावर ठरते. कुत्र्याच्या काही औषधांतले परमेथ्रिन मांजराचा जीव घेऊ शकते. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांना आयव्हरमेक्टिनची जास्त मात्रा सोसत नाही. रॉकेल चोळण्याच्या आजीबाईच्या उपायाबद्दल तर बोलायलाच नको.

जंतांची तऱ्हा आणखी निराळी. गोल जंत पिलाला आईच्या पोटातच लागतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला औषध सुरू करावे लागते. त्यांची अंडी मातीतून मुलांच्या पोटात गेली, तर अळ्या यकृतापर्यंत, क्वचित डोळ्यापर्यंत पोहोचतात. ज्या घरात रांगते मूल आहे, तिथे हा खर्च कुत्र्याच्या नावावर टाकू नये.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाठोपाठ लेप्टोची साथ आली. उंदराच्या लघवीने दूषित झालेले ते पाणी कुत्र्यालाही बाधते, आणि बाधलेल्या कुत्र्याच्या लघवीतून रोग पुढे सरकतो. या लसीचा डोस दरवर्षी घ्यावा लागतो. रेबीजची लस आठवणीने टोचणारे लोकही हा डोस विसरतात.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांची घडी गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्यांसाठी बसवलेली. शहरातल्या कुत्र्या-मांजरांचा भार मुख्यतः खाजगी डॉक्टरांवर. ज्याला फी परवडत नाही, तो पावडरीवर थांबतो. दुसरीकडे सोसायट्यांचा वेळ कुत्र्याला लिफ्टमधून नेऊ द्यावे की नाही, यावर जातो. प्राणी पाळण्यावर सोसायटीला बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाने केव्हाच सांगितले आहे. मग त्याच सभेत जिन्यातल्या फटी बुजवण्याचा आणि फवारणीचा ठराव का होऊ नये? गोचीड काही मालक विचारून चढत नाही. फाटकापाशी झोपणाऱ्या कुत्र्यावरून आपल्याकडे येते आणि उलटही जाते. पालिकेची गाडी नसबंदीसाठी ते कुत्रे नेते, तेव्हा जंताच्या गोळीबरोबर गोचिडीचे औषधही देता येईल. ते कुत्रे माणसाच्या हाती पुन्हा कधी सापडेल, सांगता येत नाही.