आधी अंगाई, मग इंग्रजी

जून महिना उजाडला की शहरांतील, आणि आता तालुक्याच्या गावांतीलही, बालवर्गांतून इंग्रजी बालगीतांचे सूर ऐकू येऊ लागतात. तीन-साडेतीन वर्षांचे मूल हातवारे करीत चांदणीचे वा मेंढीचे इंग्रजी गाणे म्हणू लागले, की पालकांना कृतार्थ वाटते. आल्यागेल्या पाहुण्यांसमोर ते आवर्जून म्हणवून घेतले जाते. मुलाच्या इंग्रजीची आणि पर्यायाने भवितव्याची चिंता मिटली, असा समज घरोघर रूढ झाला आहे. या समजाची परखड तपासणी होणे अगत्याचे आहे.

इंग्रजीला विरोध करण्याचे काहीच कारण नाही. स्वभाषेच्या अभिमानाचा हुंकार भरणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीच इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटले होते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी विषय शिकविला जातो. गाण्यांतून भाषा शिकविण्याची पद्धतही योग्यच आहे. ताल, यमक आणि पुनरावृत्ती यांमुळे शब्द मुलाच्या जिभेवर बसतात. अभिनयाची जोड मिळाली की अवयवांची, रंगांची, प्राण्यांची नावे भाषांतरावाचून कळतात. प्रश्न आहे तो गाणी कोणती आणि कोणत्या क्रमाने, हा.

प्रचलित इंग्रजी बालगीतांपैकी अनेक गीते दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची आहेत. चांदणीच्या गाण्याचे शब्द ज्या कवितेतून आले, ती जेन टेलर यांची कविता १८०६ साली प्रसिद्ध झाली. कोळ्याला घाबरणाऱ्या मुलीच्या गाण्यातील ‘टफेट’ हा शब्द त्या गाण्याबाहेर क्वचितच भेटतो. व्यवहारात ‘बकेट’ म्हणणाऱ्या घरातील मूल गाण्यात ‘पेल’ घोकते. अर्थ ना मुलाला ठाऊक, ना अनेकदा शिक्षिकेला. याला शब्दसंपत्ती म्हणता येत नाही. ही केवळ पोपटपंची होय.

त्याहून गंभीर बाब भावविश्वाची आहे. पावसाने त्रासलेल्या इंग्लंडमधील मूल पावसाला निघून जा म्हणते, ते तेथे स्वाभाविकच. परंतु मृगाच्या सरींसाठी आभाळाकडे डोळे लावणाऱ्या महाराष्ट्रात पावसाला पैशाचे आमिष दाखवून बोलावणारे गाणे पिढ्यान्‌पिढ्या गायले गेले. भोंडल्याच्या गाण्यांतून सासू, दीर, नणंद, भावजय ही सारी नाती मुलींच्या कानी पडत. काका, मामा आणि मावसा या तिघांना एकाच ‘अंकल’मध्ये कोंबणाऱ्या भाषेतून ही वीण उमगणार कशी? गाणे केवळ शब्द देत नाही, ते संस्कार देते.

इंग्रजी बालगीतांचे महत्त्व सांगताना ज्या संशोधनाचा आधार घेतला जातो, तेही नीट वाचले पाहिजे. ब्रायंट, ब्रॅडली आदी ब्रिटिश संशोधकांनी १९८९ साली दाखवून दिले, की तिसऱ्या वर्षी बालगीते चांगली येणाऱ्या मुलांना शब्दांतील ध्वनी ओळखणे आणि पुढे वाचन करणे सुकर जाते. मात्र ती मुले इंग्रजीभाषक होती. ती स्वतःच्याच भाषेतील गाणी म्हणत होती! या संशोधनाचा मराठी अर्थ सरळ आहे: मराठी मुलाचा कान प्रथम मराठी गाण्यांनी तयार व्हावा. युनेस्कोने १९५३ सालीच मातृभाषेतील शिक्षणाचा पुरस्कार केला होता आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही किमान पाचवीपर्यंत, शक्य तेथे, मातृभाषेतून वा घरच्या भाषेतून शिकविण्यावर भर दिला आहे.

महाराष्ट्राला या विचारासाठी परदेशाकडे पाहण्याचीही गरज नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने ते पुढे कोसबाडच्या वनवासी पाड्यांपर्यंत नेले. शंख-शिंपले, पाने, बिया अशा परिसरातील वस्तू हेच त्यांचे शैक्षणिक साहित्य होते. मुलाच्या अंगणातूनच त्याचे शिक्षण सुरू होते, हा त्या कार्याचा गाभा.

इंग्रजीही याच वाटेने शिकविता येईल. विहीर, बैल, आंबा, पाऊस, आजी यांची सोपी, नव्या व्यवहारी शब्दांची इंग्रजी गाणी मराठी शिक्षकांनी रचावीत. जी वस्तू मुलाला मराठीतून परिचित आहे, तिचे इंग्रजी नाव ते सहज उचलते. बालवाड्यांनी दिवसाचा आरंभ मराठी गीतांनी करावा आणि स्नेहसंमेलनात त्यांना मानाचे स्थान द्यावे. आजी-आजोबांनी नातवंडांना बडबडगीते शिकवावीत.

परभाषेची खिडकी अवश्य उघडावी; परंतु खिडकी बसविण्यासाठी आधी भिंत उभी असावी लागते. ती भिंत मातृभाषेची आहे आणि तिची पहिली वीट आईच्या अंगाईने रचली जाते. ही वीट शाळा रचणार नाही. ती घरानेच रचावयाची आहे.